वारा आणि वाफसा

मध्य इलिनॉयमध्ये छंद म्हणून रॉकेटं उडवायची तर जागा शेताचीच लागते. इथलं रान सपाट आणि दूरवर मोकळं आहे, झाडं तुरळक, विजेच्या तारा लांब. पण मे महिन्याच्या सुमारास त्या रानात मका नाहीतर सोयाबीन पेरलं जातं आणि ऑक्टोबरपर्यंत ते उभं असतं. पुरुषभर वाढलेल्या मक्यात पडलेलं रॉकेट शोधायचं म्हणजे ओळी मोजत, पानांचे सपकारे खात हिंडायचं, आणि दुसऱ्याचं पीक तुडवायचं तर आम्ही मनातही आणत नाही. म्हणून रान आम्हाला मिळतं ते काढणी झाल्यावर आणि पुढचा पेरा होण्याआधी. नेमक्या त्याच महिन्यांत ऊन तिरकं पडतं, जमीन गार असते, पाणी ओढून घ्यायला पीक नसतं, आणि वरून बर्फ पडतो नि वितळतो. मोकळं रान आणि चिखल आमच्या वाट्याला जोडीनंच येतात.

लाँचच्या आदल्या आठवड्यात रान बघून यायचं काम आमच्या क्लबात माझ्याकडे आहे, आणि ते मला मनापासून आवडतं.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९५४ साली नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल यांनी भाऊ रॉबर्ट यांना व्याख्यानात दाखवता यावं म्हणून एक छोटं रॉकेट बनवलं. त्याची मोटर एकदा जळली की काढून टाकायची आणि नवी बसवायची. त्या काळात अमेरिकेतली कितीतरी मुलं घरीच दारू भरून रॉकेटं करू बघत होती आणि हातपाय भाजून घेत होती. दारूला कुणी हातच लावायचा नाही, मोटर तयार विकत आणायची, आपण फक्त कागदी नळी, बाल्सा लाकडाचे फिन आणि पॅराशूट यांत डोकं घालायचं, ही कार्लाइल बंधूंची कल्पना पुढे जी. हॅरी स्टाइन यांनी उचलून धरली. १९५७ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री उभी राहिली आणि तिची सुरक्षा संहिता आम्ही आजही पाळतो. वारा ताशी २० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरच्या वर गेला की उड्डाण बंद. रॉकेट ज्या दांडीवरून सुटतं ती उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त कलवायची नाही. रॉकेट पेटलं नाही तर मिनिटभर कुणी जवळ जायचं नाही.

३२ किलोमीटर ही झाली शेवटची हद्द. त्याच्या पुष्कळ अलीकडेच वारा त्रास द्यायला लागतो. फिन मागच्या टोकाला असल्यामुळे वारा रॉकेटची शेपटी ढकलतो आणि नाक वाऱ्याच्या दिशेला वळतं. दांडी सोडताना रॉकेटचा वेग वाऱ्याच्या निदान चौपट असावा असा आमच्यातला ढोबळ हिशेब आहे. वेग त्याहून कमी पडला की ते वर जाण्याऐवजी तिरकं पळतं. वर सुखरूप पोचलं तरी खाली येताना पुन्हा वाऱ्याच्याच हाती. ३०० मीटरवर पॅराशूट उघडलं आणि ते सेकंदाला ५ मीटरनं उतरत असलं, तर जमिनीला टेकायला पूर्ण एक मिनिट लागतं. वारा ताशी २० किलोमीटर असेल तर त्या मिनिटात रॉकेट ३३० मीटर वाहत जातं. मग पॅराशूट लहान करायचं, त्याच्या मधोमध भोक पाडायचं, नाहीतर पॅराशूटच्या जागी नुसती लांब पट्टी लावायची. उतरण्याचा वेग सेकंदाला ८ मीटर केला की वाहणं २०० मीटरवर येतं.

पण तेवढ्या वेगानं ते आपटणार कशावर? इथे माझी नजर आभाळातून जमिनीकडे येते. मऊ रानात जरा जोरात आलेलं रॉकेट माती सांभाळून घेते. जानेवारीत गोठलेल्या रानात त्याच वेगानं फिनचा जोड उखडतो. थंडीनं प्लॅस्टिकचं पॅराशूटही ताठरतं आणि घडी मोडत नाही, म्हणून त्याला टाल्कम पावडर चोळतात. दमट दिवसात कागदी नळी फुगते आणि आदल्या रात्री सहज सरकणारं नाक सकाळी घट्ट बसतं. ते तसंच ठेवून उडवलं तर वर पॅराशूट बाहेरच पडणार नाही. म्हणून बारीक पॉलिश पेपर माझ्या खिशात कायम असतो.

मार्चमध्ये वारा आणि जमीन एकाच घड्याळावर चालतात. सकाळी आठला हवा निवांत असते, कारण रात्रभर गार झालेली जड हवा जमिनीला धरून बसलेली असते आणि वरचा वारा खाली उतरत नाही. रानाची वरची पापडीही रात्री गोठलेली असते, तिच्यावरून माणूस तर सोडाच, गाडीही जाते. मग ऊन चढतं, जमिनीलगतची हवा तापून वर सरकते आणि वरच्या थरातला वेगवान वारा खाली येऊ लागतो. त्याच उन्हानं पापडी सुटते. वरचे दोन-तीन इंच लोण्यागत होतात, आणि खाली अजून गोठलेलं असल्यामुळे ते पाणी मुरत नाही. आठला ज्या वाटेनं आत गेलात तिथूनच अकराला गाडी बाहेर निघत नाही. म्हणून थंडीतल्या लाँचला लवकर या, लवकर उडवा, लवकर निघा, असा माझा धोशा असतो.

वाऱ्याचा अंदाज घेणं त्या मानानं सोपं आहे. राष्ट्रीय हवामान सेवेचा तासातासाचा आलेख मिळतो, त्यात वाऱ्याच्या सरासरीखेरीज झोतांचाही वेग असतो, आणि मी झोतांचाच आकडा धरते. वैमानिकांसाठी ३०००, ६००० आणि ९००० फुटांवरच्या वाऱ्यांचा अंदाज निघतो. मोठी रॉकेटं उडवायची असली की तो बघावाच लागतो. १२५ ग्रॅमपेक्षा जास्त इंधन किंवा दीड किलोपेक्षा जास्त वजन असलं की विमान वाहतूक प्रशासनाची परवानगी लागते, आणि अशा रॉकेटनं ढगात शिरणं नियमानं बंद आहे. निम्म्याहून जास्त आभाळ ढगांनी झाकलं असेल तर त्या ढगांच्या उंचीपर्यंत जायचंच नाही. वारा नसलेला शांत शनिवार खालच्या ढगांमुळे वाया जातो, तेव्हा नवख्या मंडळींना ते पटत नाही. पण ढगाच्या पलीकडे विमान आहे की नाही हे खालून कुणालाच दिसत नाही, आणि या नियमाच्या बाबतीत मी कुणाशी हुज्जत घालत नाही.

चिखलाचा असा भरवशाचा अंदाज कुठेही छापून येत नाही. इलिनॉय राज्याची जलसर्वेक्षण संस्था ठिकठिकाणी जमिनीचं तापमान आणि ओल मोजते, त्यावरून मोसमाचा अंदाज येतो. पण आमच्या चाळीस एकरांत वायव्येचा कोपरा कधी वाळतो हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. हे शिक्षण माझं इथलं नाही. माझं माहेर वाळवा तालुक्यात, कृष्णाकाठच्या खोल काळ्या रानाचं. पाऊस उघडल्यावर आमच्या घरचे अण्णा रोज बांधावरून आत चार पावलं जात, वीतभर उकरून मूठभर माती घेत आणि दाबत. मुठीत गोळा झाला आणि अंगठ्यानं दाबल्यावर फुटला, की वाफसा आला. पोळीच्या कणकेसारखी माती बोटांत लांबली तर औत घरीच राही. इथेही मी तेच करते. वरची माती मुळीच बघत नाही, ती फसवते. वाऱ्यानं दोन दिवसांत ती पांढुरकी दिसायला लागते आणि खाली अजून लगदा असतो.

इथली माती बघून पहिल्यांदा मला घरची आठवण झाली, कारण रंग तोच. इलिनॉयनं आपली राज्य-माती म्हणून मानलेली ड्रमर नावाची माती काळीभोर आहे, पण तिची कुळकथा निराळी. आपली काळी माती बसाल्ट झिजून झालेली, पाणी प्यायलं की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. ही माती हिमयुगाच्या अखेरीस वाऱ्यानं आणून टाकलेल्या गाळावर हजारो वर्षं उंच गवत उगवून नि कुजून काळी झाली. मुळात हा सगळा प्रदेश पाणथळ. एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांनी साधारण मीटरभर खोल भाजक्या मातीच्या नळ्या पुरून त्याचा निचरा केला, म्हणून आज इथे मका पिकतो. आता नळ्या प्लॅस्टिकच्या असतात, पण तत्त्व तेच. त्या नळ्या रस्त्याकडेच्या चरात उघडतात. रानात पाऊल टाकायच्या आधी मी तो चर बघते. नळीच्या तोंडातून धार चालू असेल तर रान अजून पाणी सोडतंय, आणि मातीची मूठ न घेताही अर्धं उत्तर मिळतं. धार तुटून थेंब थेंब पडायला लागलं की मग गमबूट घालायचे.

एवढी काळजी कशाला, चिखल तर बुटांनाच लागतो, असं काही जण म्हणतात. प्रश्न बुटांचा नाहीच, चाकांचा आहे. ओल्या जमिनीवरून गाडी गेली की मातीच्या कणांमधल्या पोकळ्या चेपतात, आणि बहुतेक नुकसान पहिल्याच फेरीत होऊन जातं. चाकोरीत पाणी साचतं, मक्याच्या मुळांना खाली वाट मिळत नाही, आणि पुढच्या हंगामात त्या पट्ट्यातलं पीक खुरटलेलं, पिवळं दिसतं. गोठण्या-वितळण्यानं वरचा थर काही प्रमाणात मोकळा होतो, खोलवर बसलेला दाब मात्र वर्षानुवर्षं राहतो. शेताचे मालक वयस्कर आहेत. आमच्याकडून भाडं म्हणून ते काही घेत नाहीत, नातवंडांना घेऊन बघायला येतात. एकदा त्यांनी मला बोलता बोलता सांगितलं, की पेरणीच्या वेळी ट्रॅक्टरवर बसलं की जुनी चाकोरी हाताला आधी कळते, डोळ्यांना नंतर. औतामागे चाललेल्या अण्णांच्या तोंडीही हे वाक्य शोभलं असतं. मी ते क्लबातल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगते. अशा माणसाच्या रानात आम्ही शनिवारची हौस करायला जातो, तेव्हा परवानगी मिळाली म्हणून सगळं भागत नाही.

सगळ्यात अवघड जातं ते शाळेच्या मुलांच्या बाबतीत. अमेरिकन रॉकेट्री चॅलेंज ही २००३ पासून चालत आलेली स्पर्धा. साडेसहाशे ग्रॅमच्या आत बसणारं रॉकेट, पोटात कच्चं अंडं. ठरलेली उंची गाठायची, ठरलेल्या सेकंदांत खाली यायचं आणि अंड्याला तडा जाऊ द्यायचा नाही. उंची आणि वेळ दरवर्षी बदलतात. देशभरातले पहिले शंभर संघ मे महिन्यात व्हर्जिनियातल्या अंतिम फेरीला जातात, पण त्यासाठीची पात्रता उड्डाणं एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत संपवावी लागतात. म्हणजे आमच्याकडच्या सगळ्यात चिखलाच्या दिवसांत. थंड हवा दाट असते, त्यामुळे फेब्रुवारीत बसवलेलं गणित मार्च अखेरच्या एखाद्या उबदार दिवशी काही मीटरनं जास्त निघतं. मुलं वजनात चिमटी-चिमटी मातीचा गोळा वाढवून ते जुळवतात. एवढी मेहनत केलेल्या पोरांना ‘या शनिवारी नाही’ म्हणताना माझा जीव खालीवर होतो. तरी म्हणावं लागतं तेव्हा मी म्हणते.

रॉबर्ट गोडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावी जगातलं पहिलं द्रवइंधन रॉकेट उडवलं, तेही नात्यातल्या एफी मावशींच्या शेतावरून. अडीच सेकंदांचं उड्डाण, साडेबारा मीटर उंची, आणि रॉकेट ५६ मीटरवर कोबीच्या वाफ्यात पडलं. त्या दिवसाच्या छायाचित्रात त्यांच्या भोवती बर्फ दिसतो. चार वर्षांनी ते न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलला गेले, आणि जागा निवडताना त्यांनी हवामानतज्ज्ञाचा सल्ला घेतला होता. हे वाचल्यापासून मला रान बघायला जाणं हे रॉकेटच्या कामातलंच काम वाटत आलं आहे. मोटरच्या थ्रस्टचा आलेख वाचणाऱ्याला मातीची मूठही वाचता यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

चिखलाची एक बाजू चांगली आहे, ती म्हणजे आग लागत नाही. एखाद्या कोरड्या ऑक्टोबरात मक्याची वाळकी धसकटं वाऱ्यावर करकरत असतात, हवामान सेवेचा आगीचा इशारा लागतो, आणि तेव्हा कठीण, कोरडं, गाडीजोगं रान समोर असूनही आम्ही घरी बसतो. दोन्हींतलं एक निवडायचं झालं तर मला चिखल चालेल. चिखलावर उपाय आहेत. प्लायवूडचे तुकडे लाँच पॅडच्या पायांखाली घालता येतात, नाहीतर ते पाय रुततात आणि दांडी हळूहळू कलते. पॅड कमी लावता येतात. गाड्या बाहेर ठेवता येतात.

या आठवड्यात नळीची धार मंगळवारी तुटली. गुरुवारी मूठभर माती अंगठ्याखाली फुटली, पण वायव्येकडची अजून लांबत होती. शनिवारी सकाळी झोत ताशी १५ किलोमीटरच्या आत, दुपारी एकनंतर ३०. मालकांना फोन केला. माणसं आत येऊ देत, चाक एकही नको, असं ते म्हणाले. मीही तेच म्हणणार होते. संध्याकाळी सगळ्यांना कळवलं: सकाळी साडेसातला या. गाड्या खडीच्या रस्त्याच्या एकाच बाजूला लावा, ट्रॅक्टरला जायला वाट ठेवा. सामान हातानं न्यायचं आहे, म्हणून दोनच पॅड लावू, आणि अंडी घेऊन येणाऱ्या मुलांची रॉकेटं आधी उडतील. वायव्येच्या कोपऱ्यात रॉकेट पडलं तर एकट्यानंच जाऊन आणा, घोळका करू नका. गमबूट, जास्तीचे मोजे आणि बूट खरवडायला एक फळी आणा.