हलक्या तारांच्या रात्री

रविवार, २० एप्रिल २०२५

भारप्रेषण केंद्रात दुपारची पाळी. बाहेर ऊन मी म्हणतंय. सुट्टीमुळे कारखाने बंद, सौरवीज मात्र भरात. साडेबाराच्या सुमारास वारंवारिता ५०.०८ हर्ट्झ, म्हणजे ५०.०५ ची वरची हद्द ओलांडलेली. औष्णिक केंद्राला फोन करून निर्मिती उतरवायला सांगितली. तिकडून नेहमीचं उत्तर : "साहेब, आता खाली जागाच नाही. तेल लावावं लागेल." संच ५५ टक्क्यांच्या खाली उतरवला की कोळशाची ज्योत डगमगते, ती सावरायला महागडं तेल जाळावं लागतं. शेवटी जलविद्युतचे दोन संच थांबवून भागवलं.

मी नोकरीला लागलो तेव्हा विनवणी उलटी असायची. अजून वीस मेगावॉट मिळतील का? वारंवारिता ४८.५ ला तासन्‌तास रेंगाळायची आणि आम्ही फीडरांची यादी घेऊन भारनियमन करत बसायचो. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात वेळापत्रकाबाहेर ओढलेल्या विजेचा दर वारंवारितेला बांधला गेला, तेव्हा कुठे सगळ्यांना शिस्त लागली. आता दिवसाचे पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे, प्रत्येकाचं वेळापत्रक आदल्या दिवशी तयार. पंचाईत नवीच आहे : वीज आहे, ठेवायची कुठे?

मंगळवार, २९ एप्रिल

काल आपल्याकडे चार वाजून गेले होते, तिकडे दुपारचे १२.३३. स्पेन आणि पोर्तुगालचं जाळं अख्खं कोसळलं. सुमारे १५ हजार मेगावॉट निर्मिती पाच सेकंदांत गेली म्हणतात. फ्रान्स आणि मोरोक्कोकडून वीज घेत, धरणांवरचे संच आधी उठवत त्यांनी पहाटेपर्यंत बहुतेक स्पेन उभा केला. काम चोख.

चहाला प्रत्येकाचं निदान तयार. कुणी म्हणे सायबर हल्ला, कुणी म्हणे सौरऊर्जेचा अतिरेक. भर दुपारी, मागणी बेताची, वीज स्वस्त आणि मुबलक, अशा वेळी जाळं पडलं, हे मला जास्त खटकतंय. आपल्याकडे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीनं दक्षिण जोडली गेली आणि सगळ्या देशाची वारंवारिता एक झाली. आधाराला एवढा मोठा पसारा आहे. त्यांचा फ्रान्सशी सांधा बारीक. पण पसारा मोठा म्हणून निर्धास्त राहायचं, असं काही नाही.

बुधवार, ७ मे

आज देशभर नागरी संरक्षणाचा सराव. काही ठिकाणी संध्याकाळी दिवे घालवायचे होते. नव्या मुलांनी विचारलं, घाबरायचं का? म्हटलं, मोजकी ठिकाणं, थोडी मिनिटं, फरक पडणार नाही. तसंच झालं.

मग त्यांना ५ एप्रिल २०२० ची गोष्ट सांगितली. रात्री नऊला नऊ मिनिटं घरचे दिवे बंद करायचे होते. मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटनं उतरेल असा अंदाज होता, ती उतरली सुमारे ३१ हजारांनी. पंखे, फ्रिज चालू ठेवा असं सांगूनही लोकांनी उत्साहात बरंच काही बंद केलं होतं. देशभरच्या जलविद्युत संचांनी आधी उतरून आणि दिवे लागताना पुन्हा चढून ती खाच भरून काढली. वारंवारिता ५०.२६ पासून ४९.७० पर्यंत फिरली, जाळं टिकलं. मुलांना त्या रात्रीचा आलेख दाखवला. मागणी वाढण्याइतकीच ती नाहीशी होण्याचीही तयारी लागते, हे आलेखात जसं दिसतं तसं व्याख्यानात दिसत नाही.

सोमवार, २६ मे

आज मान्सून मुंबईत दाखल. आजवरच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधीच आला नव्हता. महिनाभर अवकाळी होताच. एसी बंद, शेतीपंप बंद. ज्या राज्याची उन्हाळ्यातली मागणी २५ हजार मेगावॉटच्या पुढे जाते, तिथे आज मध्यरात्री बोर्डावर सगळीकडे हिरवळ. घरी सांगितलं तर म्हणतील, मग झोप काढा.

पण तारा हलक्या झाल्या की व्होल्टेज चढतं. भार नसलेली लांब वाहिनी स्वतःच रिअॅक्टिव्ह पॉवर तयार करते, ४०० केव्हीची किलोमीटरमागे साधारण अर्धा मेगाव्हार (या पॉवरचं माप). दोनशे किलोमीटरची एक वाहिनी म्हणजे शंभर मेगाव्हार, आणि अशा कितीतरी. दीडच्या सुमारास एका उपकेंद्रात ४०० केव्हीचा बस ४२१ वर. हद्द ४२०. जादा मेगाव्हार शोषणारे सगळे रिअॅक्टर आत घेतलेले, जनित्रांनाही तेच करायला लावलेलं. उरला शेवटचा उपाय : समांतर दोन सर्किटांतलं एक उघडायचं.

विभागीय भारप्रेषण केंद्राची संमती घेऊन फोन लावला. उपकेंद्रावर आमच्याहून सेवेनं थोरले ऑपरेटर होते.

"नमस्कार दादा, दोन नंबर सर्किट हाताने ट्रिप करा, व्होल्टेजसाठी. कोड लिहून घ्या."

"लिहिला साहेब. दोन नंबर, व्होल्टेजसाठी. एक नंबरवर कुणाचं कामाचं परमिट तर नाही ना?"

"नाही. बघितलंय."

"मग उघडतो. एक वाजून छत्तीस."

बस ४१७ वर आला. त्यांनी विचारलेला प्रश्न मोलाचा. ३० जुलै २०१२ च्या रात्री बिना–ग्वाल्हेर मार्गावरचं एक सर्किट ७६५ केव्हीच्या कामासाठी बाहेर होतं. उरलेल्यावर ताण आला, संरक्षक रिलेला तो ताण दोषासारखा दिसला, २.३३ ला ते सुटलं आणि उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, सोबत पूर्व आणि ईशान्यही. पश्चिम विभाग दोन्ही वेळा तरला. उघडी ठेवलेली प्रत्येक वाहिनी म्हणजे कमी केलेला एक आधार. व्होल्टेज वाचवायला आम्ही तोच गहाण टाकतो.

रविवार, १ जून

कोयनेचं नवं पाणीवर्ष सुरू. पाणी पश्चिमेकडे वळवून वीज करायला पाणीवाटप लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिलंय, हिशेब १ जून ते ३१ मे. त्यामुळे मे महिन्यात आमची चिंगूसगिरी चालते : पाणी संध्याकाळी दिवेलागणीला वापरायचं, जेव्हा सूर्य उतरतो आणि दोन तासांत हजारो मेगावॉट निघून जातात. चौथ्या टप्प्यातले २५० मेगावॉटचे चार संच तेव्हा कामाला येतात. काही मिनिटांत भार घेणारं दुसरं आपल्याकडे फारसं नाही. घाटघरला दुपारी पाणी वर चढवून संध्याकाळी सोडता येतं, पण ते २५० मेगावॉट. बॅटऱ्या आणि उदंचन प्रकल्प वाढतील तेव्हा कोयनेला उसंत मिळेल.

मंगळवार, १० जून

मराठवाड्यातल्या एका उपकेंद्रात नवा १२५ मेगाव्हारचा बस रिअॅक्टर चार्ज करायचा होता, म्हणून मुद्दाम गेलो. वटपौर्णिमा. वाटेत प्रत्येक वडाला सूत.

रिअॅक्टर दिसतो रोहित्रासारखाच : तेलाची टाकी, पंखे, चिनी मातीचे उंच बुशिंग. फक्त त्यातून पुढे कुठेही वीज जात नाही. जादा मेगाव्हार प्यायचे, एवढंच काम. ब्रेकर लागला तशी आधी खोल घरघर, मग एकसुरी गुणगुण. खडीवर उभं राहिलं की तळपायाला कंप कळतो. तेलाची, गुंडाळीची तापमानं दर दहा मिनिटांनी वहीत. बस व्होल्टेज अडीच केव्हीनं उतरलं.

बाहेर एक शेतकरी भेटला. सौर फीडरवर दिवसा वीज मिळते म्हणून खूश. रात्रपाळीला पाणी धरताना साप, बिबट्या, चिखल, ते सुटलं. त्याचं सुटलं हे उत्तमच. पण त्याचा पंप रात्री आमच्या तारांना जो थोडा भार द्यायचा, तोही दिवसात गेला. रिअॅक्टर का लागतो याचं अर्धं उत्तर त्याच्या बांधावर आहे.

बुधवार, १८ जून

स्पेनच्या सरकारचा अहवाल काल आला. कारण : वाढलेलं व्होल्टेज. ते आवरायला हवे तेवढे संच त्या दिवशी चालू नव्हते. जे होते, त्यांतल्या काहींनी अपेक्षेइतकी रिअॅक्टिव्ह पॉवर शोषली नाही. त्याआधी जाळ्यात आंदोलनं उठली होती, ती शमवायला वाहिन्या जोडल्या, त्यानं व्होल्टेज आणखी चढलं. मग एकेक निर्मिती सुटत गेली आणि सुटणाऱ्या प्रत्येकीनं उरलेल्यांवर व्होल्टेज लादलं.

आमच्याकडे जाळ्याची प्रगती किलोमीटर आणि मेगावॉटमध्ये छापून येते. नवी ७६५ केव्ही वाहिनी झाली की फीत कापली जाते, रिअॅक्टर बसला तर स्टोअरवाल्याशिवाय कुणाला पत्ता नसतो. तुटीच्या काळात ते चालून गेलं, कारण तारा सदैव भरलेल्या असायच्या. आता निम्मा दिवस आणि निम्मं वर्ष त्या हलक्या असतात.

उद्याच्या बैठकीसाठी टिपण केलं. एक, नवी वाहिनी मंजूर करताना तिचा रिअॅक्टर त्याच कामात घ्यावा, मागाहून नको. दोन, सौर प्रकल्पांच्या इन्व्हर्टरांना रात्रीही व्होल्टेज सांभाळायला लावावं. यंत्रात ती सोय असते, करारात हवी. तीन, व्होल्टेजसाठी उघडलेल्या वाहिन्यांची नोंद दर महिन्याला बैठकीपुढे यावी. मागणी कमी असलेल्या रात्रींसाठी एवढा खर्च कशाला, असं कुणीतरी विचारेलच. स्पेनच्या अहवालातलं ते पान छापून फायलीत लावलंय.