वाकलेली चासी

नाताळाला पंधरा दिवस उरले होते. संध्याकाळच्या मिस्सानंतर आमच्या धर्मग्रामातील एक मुलगा सॅक्रिस्टीच्या दाराशी घुटमळत उभा होता. पिशवीत रेडिओवर चालणारा खेळण्यातला ट्रक. वडील जहाजावर फिटर. मागच्या सुट्टीत त्यांनी तो आणलेला. कोरलईच्या किल्ल्याखालच्या खडकांवरून उड्या मारता मारता त्याची चासी मध्येच वाकली होती. नाताळच्या रात्री वडिलांचा व्हिडिओ कॉल येणार आणि ते आधी ट्रकच दाखवायला सांगणार, अशी त्याची खात्री होती.

‘‘फादर, आईला सांगू नका,’’ एवढेच तो म्हणाला.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. नट-बोल्टचा तास तेथे नव्हता. तरीही ‘पाहू’ म्हणून बसलो. धर्मगुरूच्या तोंडी ‘नाही’ चटकन येत नाही. हा गुण की दोष, ते आम्ही अद्याप ठरवलेले नाही.

ट्रक उघडला. चासी म्हणजे ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा. चाके दोन टोकांना, मोटार आणि बॅटरी मधोमध. उडीनंतर चाके जमिनीला टेकतात, पण मधले वजन खाली जातच राहते. मग पत्रा वाकणार नाही तर काय! मुलाच्या दप्तरातली पोलादी फूटपट्टी आम्ही दोन पुस्तकांवर आडवी ठेवली आणि मध्ये बोटाने दाबली, ती वाकली. तीच धारेवर उभी धरली, तर हलेना. उभी उंची दुप्पट केली, की ताठरपणा आठपट होतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळाने आपल्या किनाऱ्यावरील घरांचे पत्रे उडवले, तेव्हा नव्या पत्र्याच्या पन्हळी आपण सर्वांनीच हाताळल्या. पातळ पत्र्याला बळ देते ती हीच पन्हळ.

त्या रात्री निकोला टेस्लाची गोष्टही निघाली. 1898 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने बिनतारी लहरींवर चालणारे खेळण्याएवढे यंत्र लोकांना दाखवले, आणि ते होते एक लहानशी होडी! कोळीवाड्यातल्या पोराला याचा केवढा आनंद झाला. ट्रक क्षणभर बाजूलाच राहिला.

पहिला प्रयत्न मात्र आमच्या उत्साहाने बिघडवला. चासी ठोकून सरळ केली आणि खाली लोखंडाच्या दोन जाड पट्ट्या आवळल्या. ट्रक जड झाला, बॅटरी लवकर उतरू लागली. तिसऱ्या उडीला चासी जागची हलली नाही, पण पुढच्या चाकाचा दांडा तुटला. धक्का नाहीसा झाला नव्हता, त्याने फक्त जागा बदलली होती. मुलाने आमच्याकडे असे काही पाहिले, की आम्हाला कोणाचेही कन्फेशन ऐकणे त्याहून सोपे वाटले.

मग लोखंड काढले. छपराच्या दुरुस्तीतून उरलेला ॲल्युमिनियमचा हलका अँगल करवतीने कापून, कडा कानशीने घासून चासीच्या दोन्ही बाजूंना लावला, तीन-तीन बोल्टांनी. अँगल आणि चासी यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, म्हणजे थोडा धक्का तेथेच जिरावा. नट सैल होऊ नयेत म्हणून नायलॉनचे कडे असलेले घेतले. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियम आणि खारे पाणी एकत्र आले, की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. म्हणून भोकांत ग्रीस भरले आणि खेळून झाल्यावर ट्रक गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसायचा, असे मुलाला बजावले. तुटलेला दांडा भाजी कापायच्या प्लास्टिकच्या पाटातून कापून काढला. आमच्या स्वयंपाकिणीने त्याबद्दल दोन दिवस अबोला धरला होता, हेही येथे नमूद करावे लागेल.

एका गोष्टीवर आम्ही अडून बसलो. आईला आम्ही सांगणार नाही. पण वडिलांना त्याने स्वतः सांगायचे. तो बराच वेळ गप्प राहिला.

नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सानंतर त्याने आम्हाला घरी नेले. फोनवर वडील दिसले. मुलाने ट्रक वर धरला आणि एका दमात सगळे सांगून टाकले: खडक, वाकलेली चासी, तुटलेला दांडा. आई दाराशी हसत उभी होती. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते म्हणे.

‘‘उलटा कर,’’ वडील म्हणाले. मुलाने ट्रक उलटा केला. ते बराच वेळ पाहत राहिले. ‘‘अँगल कोणी लावले?’’

‘‘मी आणि फादरनी.’’

‘‘फादर, काम चांगलं झालंय. पण नट खालच्या बाजूला नकोत, दगडावर घासतील. बोल्टाचं डोकं खाली घ्या.’’

सकाळच्या मिस्सानंतर आम्ही दोघांनी सहाही बोल्ट काढून उलटे बसवले.