वामनदादांची गाणी गाऊन चळवळ पुढे जाते का?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात जयंतीचा मोसम १४ एप्रिलला सुरू होतो आणि मे संपेपर्यंत चालतो. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा तालुक्यांत गावागणिक तारीख वेगळी. आम्ही सहा जण गायन पार्टी चालवतो. पेटी, ढोलक, बॅन्जो, एक गायक, एक गायिका आणि कोरसला एक जण. आमच्या वहीतली निम्म्याहून जास्त गाणी वामनदादा कर्डकांची. मोठ्या शहरांत अशा गटाला 'ट्रिब्यूट बँड' म्हणतात. नाव काहीही द्या, प्रश्न एकच आहे. दुसऱ्याने लिहिलेली गाणी गात राहिल्याने चळवळीला काय मिळतं आणि काय जातं?

आधी फायदा. भाषणाला कार्यकर्ते येतात, गाण्याला अख्खी वस्ती येते. दिवसभर शेतात राबलेल्या आयाबाया लेकरं मांडीवर घेऊन रात्री उशिरापर्यंत बसतात. ही ताकद जुनी आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार वाचता न येणाऱ्यांपर्यंत नेला. वामनदादा १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. तरी हजारो गीतं लिहिली. १५ मे २००४ ला ते गेले. त्यानंतर त्यांची गाणी टिकवण्यात गावोगावच्या गायन पार्ट्यांचा वाटा मोठा आहे. हे काम कमी लेखू नये.

आता तोटा. पहिला तोटा फर्माईशीचा. जयजयकाराच्या, नाचता येणाऱ्या गाण्यावर बक्षिसाच्या नोटा येतात, माईकवरून नावं पुकारली जातात. पण उद्योगपतींची नावं घेऊन देशाच्या धनाचा हिशेब मागणारं वामनदादांचं गाणं घेतलं की मंडप गप्प होतो. पुढच्या वर्षीची सुपारी हवी असेल तर पार्टी ते गाणं वहीतून काढते. वामनदादा उरतात, त्यांचा प्रश्न उरत नाही.

दुसरा तोटा नावाचा. शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. वेळ कमी पडला की पार्ट्या नेमकं तेच कडवं गाळतात. ऐकणाऱ्या पोराला गाणं पाठ होतं, कवी माहीत होत नाही. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी पुसला, त्याने आपल्याच कवीचं नाव पुसावं?

तिसरा तोटा बाईच्या वाट्याचा. गायिका किती चांगली गाते यापेक्षा ती नाचेल का, असं समितीचे लोक आम्हाला फोनवर विचारतात. स्त्रीमुक्तीचं गाणं तिनेच गायचं आणि नजराही तिनेच झेलायच्या!

चौथा तोटा सर्वात मोठा. तयार गाणं हाताशी असलं की नवं लिहिलं जात नाही. गायरानावरच्या अतिक्रमणाच्या नोटिसा, रखडलेली शिष्यवृत्ती, कंत्राटी भरती हे आपल्या तरुणांचे आजचे प्रश्न आहेत. भूमिहीनांसाठी दादासाहेब गायकवाडांनी १९६४ साली देशव्यापी सत्याग्रह केला. पण आपल्या गावच्या गायरानावर आज किती पार्ट्यांकडे गाणं आहे?

कुणी म्हणेल, लोकांना वर्षातून एकदा आनंद करू द्या. जरूर करू द्या. ज्यांना मिरवणूक काढायला बंदी होती, त्यांचं नाचणंही एक बंडच आहे. पण २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. बाबासाहेबांचं गाणं जर आरतीसारखं गायलं जात असेल, तर तो इशारा आपल्यालाही लागू आहे.

म्हणून आमच्या पार्टीने चार गोष्टी ठरवल्या आहेत. गाण्याआधी कवीचं नाव सांगायचं. नावाचं कडवं गाळायचं नाही. गायिकेच्या मानधनाची आणि सन्मानाची बोली आधी करायची, मगच सुपारी घ्यायची. आणि प्रत्येक कार्यक्रमात एक गाणं आपलं, नवं, त्याच तालुक्याच्या प्रश्नावरचं. या मोसमात त्यामुळे दोन सुपाऱ्या गेल्या. मात्र एका गावात गायरानाचं गाणं संपल्यावर चार बायांनी घरून नोटिसा आणून आमच्यापुढे ठेवल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्यासोबत तहसीलला गेलो.

मित्रांनो, तुमच्या गावची समिती या वर्षी पार्टी ठरवेल तेव्हा एवढंच विचारा: तुमचं स्वतःचं गाणं कोणतं? वामनदादांनी कुणाची नक्कल करून वामनदादा होणं साधलं नव्हतं.

जय भीम!