रिकाम्या जागा भरा

‘रिकाम्या जागा भरा’ हा शाळेतला हक्काच्या मार्कांचा प्रश्न. आकाशातल्या रिकाम्या जागा कशाने भरल्यात, हे मात्र इंजिनिअरिंगला आल्यावर कळलं.

सप्तर्षींच्या भागात, सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर एम८१ ही सुंदर सर्पिल दीर्घिका आहे. फोटोत ती, शेजारची एम८२ आणि छोटी एनजीसी ३०७७ अशा तिघी अलग अलग दिसतात. मध्ये नुसता काळोख. अगदी आपल्या हॉस्टेलसारखं, ज्याचं त्याचं दार बंद! पण १९९४ साली अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीने केलेला नकाशा प्रसिद्ध झाला आणि तिघींना जोडणारे हायड्रोजनचे लांबच लांब पूल दिसले. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्या एकमेकींच्या जवळून गेल्या, तेव्हा गुरुत्वाकर्षणाने ओढून काढलेला हा वायू.

हा हायड्रोजन थंड, उदासीन. साध्या दुर्बिणीला तो दिसतच नाही. पण त्याच्या अणूतल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटला की २१ सेंटिमीटरची, म्हणजे १४२० मेगाहर्ट्झची रेडिओलहर निघते. एकट्या अणूला या कोलांटउडीसाठी सरासरी १ कोटी वर्षं लागतात! तरी अणू इतके अफाट, की लहर सतत येतच राहते. व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये तिचं भाकीत केलं. १९५१ मध्ये इवेन आणि पर्सेल यांनी ती पकडली.

आपल्या नारायणगावजवळच्या खोडदलाही प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश हीच लहर ऐकू शकतात. आम्हा ईअँडटीसीवाल्यांना त्यातली गोम लगेच कळते. सिग्नल इतका क्षीण, की नॉइजमध्ये बुडालेला. उपाय एकच, तासन्‌तास ऐकायचं आणि सरासरी काढायची. चौपट वेळ ऐकलं तर नॉइज निम्मा होतो. शॉर्टकट नाही.

हे सगळं मला आठवलं ते कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवसांत. आमच्या विंगमधल्या सगळ्यांचं काम झालं, एकाचं राहिलं. तो मेसला यायचा बंद झाला. “त्याला एकटं राहायचंय, राहू दे,” असं सगळे म्हणाले. मी रोज जेवायच्या वेळी त्याचं दार वाजवायचो. तीन दिवस आतून आवाज नाही. चौथ्या दिवशी दार उघडलं. काही न बोलता त्याने चपला घातल्या आणि आम्ही मेसला गेलो. भाजी वांग्याचीच होती, तरी त्याने दोनदा घेतली!

नोकरी त्याला अजून लागलेली नाही. घरी काय सांगायचं, हा प्रश्नही तसाच आहे. पण आता तो त्याबद्दल बोलतो.

तुमच्या विंगमध्येही असं एखादं बंद दार असेल. एकदा वाजवून उत्तर आलं नाही, म्हणून खोली रिकामी समजू नका. जरा जास्त वेळ ऐका.