तासिकेपलीकडचे सर

सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामावर आज माझं घर चालतं. हे काम मला दिलं ते तालुक्याच्या आयटीआयमधल्या कोपाच्या सरांनी. कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट, दहावीनंतरचा एका वर्षाचा ट्रेड.

सर तासिका तत्त्वावर होते. जेवढे तास शिकवले तेवढंच मानधन. सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षीचा भरवसा नाही. आमच्याकडे लाइट फार जायची. मग सर फळ्यावर एचटीएमएल लिहायचे आणि पडद्यावर काय दिसेल ते आम्हाला वहीत काढायला लावायचे. टेबलाच्या किती ओळी, कुठलं अक्षर ठळक, लिंक कुठे. लाइट आली की कोड टाइप करायचा आणि वही पडद्याशी ताडून बघायची. फरक निघाला की सर खूश व्हायचे. “आता शोध, तो कुठून आला.” आज मी चाचणी चालवण्याआधी अपेक्षित निकाल लिहून ठेवते, मग प्रत्यक्षातला तपासते. कामाचं नाव नवं, रीत त्या वहीतलीच.

पुढे शिकाऊ उमेदवारीसाठी पुण्याला जायचं ठरलं. विद्यावेतन तुटपुंजं, मुलगी एकटी. वडील अडून बसले. सर एसटीने आमच्या गावी आले. “दादा, एक वर्ष पाठवा. खोलीची व्यवस्था मी बघून आलोय.” या फेरीचं मानधन कुठल्याच तासिकेत बसत नव्हतं.

१९५० च्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेपासून आयटीआय खूप बदलल्या. २०१४ मध्ये कौशल्य विकासाचं स्वतंत्र मंत्रालय झालं, अभ्यासक्रम नवे झाले, आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषा आहे. मला हे सगळं हवंच आहे. पण प्रयोगशाळेसाठी निधी मिळतो आणि तिथे उभा राहणारा निदेशक वर्षानुवर्षं तासावर राहतो, हे मला सहन होत नाही. त्याला कायम नेमणूक द्या, दर काही वर्षांनी कंपनीत शिकायला पाठवा. डिजिटल मनुष्यबळ त्याच्याच हातून घडायचं आहे.

सर अजून तासिकेवरच आहेत. मध्यंतरी मी संस्थेला संगणक देऊ का म्हणून विचारलं. म्हणाले, “मशीन आहेत गं. तू ये, आणि दोष कसा नोंदवायचा ते पोरांना शिकव.” प्राचार्यांची परवानगी आली आहे; पुढच्या महिन्यापासून शनिवारी जाणार आहे.