घारे डोळे

माणसाचे डोळे काळेच असावेत, असा आपल्याकडे जणू नियम आहे. कुठे घारे डोळे दिसले की लगेच प्रश्न येतो, "कोकणस्थ का हो?" उत्तर 'नाही' आले की भुवया वर जातात.

माझ्या धाकट्या चुलत बहिणीचे डोळे घारे आहेत. आमचे घर वलवणचे आणि घरात सारे काळ्या डोळ्यांचे. तिच्या बारशाला आलेल्या बायकांनी पाळण्यात डोकावून काकूला हसत विचारले, "घाटातल्या रेल्वेचा एखादा साहेब मागे राहिला की काय?" बोरघाटातून गाडी सुरू झाली १८६३ साली; साहेब जाऊनही जमाना लोटला. थट्टाच ती! पण काकू त्या दिवशी जेवली नाही.

पुढे कॉलेजात आल्यावर मी या रंगाविषयी मुद्दाम वाचले. बुबुळाचा रंग मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो. ते भरपूर असले की डोळे काळे-तपकिरी, कमी असले की घारे, अगदी थोडे असले की निळे. निळे द्रव्य डोळ्यात नसतेच. आकाशासारखाच तो प्रकाशाचा खेळ! पंधराव्या गुणसूत्रावर ओसीए-२ आणि एचईआरसी-२ ही जनुके शेजारी शेजारी आहेत. दुसऱ्यातल्या एका बारीक बदलाने पहिल्याचे काम मंदावते, हे २००८ साली उघड झाले. २०११ साली डीएनएमधील सहा खुणांवरून डोळ्यांचा रंग सांगणारी 'आयरिसप्लेक्स' पद्धत प्रसिद्ध झाली. निळा आणि तपकिरी रंग ती बहुधा बरोबर सांगते. अडखळते ती मधल्या, घाऱ्या रंगापाशीच. कारण रंग एका जनुकाचा नाही. २०२१ साली सुमारे १,९५,००० लोकांच्या अभ्यासात रंगाशी संबंधित ६१ जागा आढळल्या.

काळ्या डोळ्यांच्या आईबापांतही फिक्या रंगाची खूण लपलेली असू शकते. ती पिढ्यान् पिढ्या गप्प राहते आणि दोघांकडून एकत्र आली की मुलाच्या डोळ्यांत उमटते. म्हणजे बहिणीच्या घारेपणात काकांचाही वाटा असणार! बारशाच्या बायकांनी काकांना मात्र काहीच विचारले नव्हते.

जिथे प्रयोगशाळा जपून बोलते, तिथे आपण पाळण्यात नुसते डोकावून आईचा निकाल लावतो. विज्ञान शिकलेल्या आपल्या पिढीने निदान ही एक थट्टा तरी बंद करावी.