मलबार पॉइंटला कसालचा गवंडी

सरकारी इमारती हौसेने बघायला जाणारी माणसं मला कळत नाहीत. आम्हा कसालकरांना तर ती हौस परवडणारीच नाही. दाखला, सातबारा, कुणाची तरी सही यासाठी शेजारच्या ओरोसला खेपा घालण्यात निम्मं आयुष्य जातं. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला, ओरोसची सिंधुदुर्गनगरी झाली आणि साहेब लोक आमच्या अंगणाशी आले. एवढं सरकार मला पुरे होतं.

पण भाच्याच्या लग्नाला मुंबईत गेले आणि जावयाने राजभवनाचे पास काढून ठेवले होते. (आता नाव लोकभवन झालंय, पण टॅक्सीवाल्याला राजभवनच सांगावं लागतं.) सोबत दाजीमामा, माझ्या आईचा धाकटा भाऊ. चिऱ्याच्या कामात त्याचा उभा जन्म गेला. आमच्याकडची अर्धी घरं त्याच्या ओळंब्याखालून गेलेली. लग्नाचे दोन्ही दिवस तो कोपऱ्यात कंटाळून बसला होता, तो त्या पहाटे मात्र सगळ्यांच्या आधी पांढरा लेंगा घालून तयार.

वाळकेश्वरच्या गर्दीतून आत शिरलं की मुंबई एकदम संपते. पन्नासेक एकर जागा, तिन्ही बाजूंना समुद्र, मोर. राष्ट्रपती मुंबईत आले की त्यांचा मुक्काम इथेच असतो. महाराष्ट्र राज्य झालं त्या १९६० च्या मध्यरात्री नेहरू इथेच उभे होते. नवा दरबार हॉल २०२२ मध्ये राष्ट्रपती कोविंद यांच्या हस्ते सुरू झाला. तो मोठा आहे, चकचकीत आहे, आणि मला एखाद्या चांगल्या हॉटेलात गेल्यासारखं वाटलं. मला आवडले ते समुद्राकडे तोंड करून बसलेले बैठे बंगले आणि त्यांचे व्हरांडे. पावसाचा मान ठेवून बांधलेली घरं अशी असतात. आमच्याकडे हल्ली जो तो सपाट स्लॅब घालतो आणि दोन पावसाळ्यांनंतर त्याच्यावर पत्र्याची शेड चढवतो.

मामा या सगळ्यातून मुकाट्याने चालत होता. तो खुलला तो बंकरमध्ये.

हिरवळीखालचं हे भुयार २०१६ मध्ये सापडलं. आत तेरा खोल्या, लांबी दीडशे मीटरच्या आसपास, आणि तोफगोळे, काडतुसं ठेवायच्या दालनांची नावं इंग्रजीत लिहिलेली. इंग्रजांचा दारूगोळ्याचा कोठा. स्वातंत्र्यानंतर तोंड बंद झालं आणि वर राज्यपाल बदलत राहिले. २०१८ मध्ये याच आवारात प्रत्येकी बावीस टनांच्या दोन तोफाही मिळाल्या. आता भुयारात क्रांतिकारकांचं दालन आहे. ज्यांना फासावर चढवलं त्या चाफेकरांना त्याच सरकारच्या दारूखान्यात मानाने उभं केलंय, हे मात्र मला फार आवडलं.

आमची गाइड, विशीतली हसरी मुलगी, रंगात येऊन सांगत होती आणि मामा मागे राहिला होता. बघते तर भिंतीला तळवा लावून उभा. मग बोटाच्या पेरांनी ठोकून पाहिलं. मग बोटं नाकाशी नेली.

"ओल नाय गो," मला म्हणाला.

"मामा, चल मगे. लोक पुढे गेले."

"सत्तर वर्सां बंद होता म्हणतत. वर पाऊस, बाजूक दर्या. मगे पाणी गेला खंय?"

तो खाली वाकला आणि जमिनीलगतची नाली धरून चालू लागला, उलट दिशेने, येणाऱ्या लोकांच्या पायांत. एका बाईंची पर्स त्याच्या डोक्याला लागली. पहाऱ्यावरचा पोलीस म्हणाला, "आजोबा, काही पडलं काय?" मामाने त्यालाच विचारलं, "ह्या गटार भायर खंय निघता?" पोलिसाने गाइडकडे बघितलं. गाइडने प्रामाणिकपणे सांगितलं, की निचऱ्याची आणि हवा येण्याची सोय बांधतानाच केलेली आहे. सापडलं तेव्हाही भुयार चांगल्या स्थितीत होतं.

"ता माका दिसता. केल्यान कोणी? गवंड्याचा नाव खंय लिवलंला आसा?"

ते कुठे लिहिलेलं नव्हतं. चाळीसेक माणसं खोळंबली होती. मला आधी लाज वाटली, मग राग आला, तो त्या माणसांचा. इतका वेळ मोबाइल वर धरून फिरणाऱ्या त्या घोळक्यात इमारत खरोखर बघणारा एकच माणूस होता आणि सगळे त्याला 'पुढे चला' म्हणत होते. मामा मात्र मजेत होता. हवेच्या झरोक्याखाली उभं राहून त्याने डोक्यावरचा रुमाल उलगडून वर धरला. रुमाल हलला. "बघ," म्हणाला. "आधी पाण्याक वाट, मगे वाऱ्याक वाट. भिती काय, खंयचोय घालीत."

बाहेर आल्यावर कठड्याशी गाइडने सांगितलेली गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. गव्हर्नर आधी परळला राहत. जेझुइटांकडून घेतलेल्या मठाचा त्यांनी वाडा केला होता. १८८० च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसनची बायको तिथे पटकीने गेली आणि साहेबाने परळ कायमचं सोडून या वाऱ्यावरच्या टोकाला बिऱ्हाड हलवलं. पुढे त्या वाड्यात १८९९ मध्ये हाफकिनची प्लेगची प्रयोगशाळा आली. भोवती गिरण्या आणि चाळी वाढल्या, आणि कोकणातली माणसं बोटीने येऊन तिथे एकेका खोलीत दहा-बारा जण राहिली. मामाचा थोरला भाऊ त्यातलाच. साहेबाला परळची हवा सोसली नाही. आमच्या माणसांना विचारलं कोणी?

मामाला हे सांगितलं तर तो चहा फुंकत म्हणाला, "मगे ता परळचा घर बघूक व्हया."

गेलो. आचार्य दोंदे मार्गावर रस्त्याच्या कडेला उभं राहून त्याने हाफकिन संस्थेच्या जुन्या इमारतीचं जेवढं दिसलं तेवढं छप्पर बराच वेळ न्याहाळलं, उतार बरा आहे म्हणाला, आणि रात्रीची कसालची बस किती वाजता आहे ते विचारलं.